बिडी आणि मिश्री

अरे, ऐका तर. मी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या तपासणीला गेलो होतो, बायको सोबत होती. स्कॅन चांगला निघाला. मी खुशीत उठलो, तर शेजारच्या टेबलावर बसलेल्या, व्यसन सोडवायला मदत करणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाबा, बसा. आता बिडी सोडवू."

"हे कसले सोडतात!" बायको म्हणाली. "सांगून सांगून माझी जीभ झिजली."

बाईंनी तिचे काळे दात पाहिले. "आजी, मिश्री लावता?"

"अगो बाय, ती तर दात घासायला!"

"तीही तंबाखूच, भाजलेली."

बायको माझ्याकडे वळली. "लावा पैज. आधी कोण सोडतो?"

वर्ष होत आलं. दोघंही सुटलो. पण ती सगळ्या पालेगावात सांगते, "आधी मी सुटले."

खरंच आहे ते. मी हरलो, आणि एवढा खूश कधीच नव्हतो.