दाढीच्या जळवा

हसू नका, माझी दाढी साहेबाने पिकवली. साठ-पासष्ट सालची दुबई. आमचा गोरा साहेब दर उन्हाळ्यात रजेवर विलायतेला जायचा, तळ्यातले ट्राउट मासे धरायला. मी रत्नागिरीचा, जाळी विणलेला हात, म्हणून बारीक गळांवर काळे केस बांधून माशांना भुलवायच्या खोट्या जळवा करायचं काम माझ्या गळ्यात. एकदा बकरीचे केस संपले, म्हणून माझ्याच दाढीचे बांधले.

साहेब परतला तो खूश. “इब्राहिम, मासे तुटून पडले! कसले केस?”

मी बावळट, सांगून बसलो. खलास! दरवर्षी रजा त्याची, दाढी माझी. मी गावी जायची रजा मागितली की म्हणायचा, “इन्शाल्ला, पुढच्या वर्षी.”

चौथ्या वर्षी म्हटलं, “साहेब, दाढी पांढरी झाली. आता तरी मला गावी जाऊ द्या.”

त्याने दाढी निरखली. “इन्शाल्ला. आधी पांढऱ्या जळवांना मासे लागतात का, ते बघू.”