तिसऱ्यांदा लावलेला कौल

...आणि वर मलाच म्हणतात, "देवापुढं आवाज चढवू नकोस, मुगिलन!" मी चढवला? तुम्हाला सांगतो, मी साधं "अप्पा" म्हणालो, बाकीचं सगळं त्या गुहेनं केलं. अहो, डोंगराच्या पोटात खोदलेलं देऊळ ते, कुण्या जुन्या राजानं एकाच खडकातून काढलेलं, खांब त्याच खडकाचे, छत त्याच खडकाचं, पिंडसुद्धा खालच्या खडकातूनच वर आलेली... तिथं तुम्ही शिंकलात तरी शिंक दोनदा फिरून परत तुमच्याच नाकाशी येते! पण हे आमच्या वडीलमाणसांना कोण सांगणार? तुम्हीच सांगा, दगडापुढं कोण बोलणार?

झालं काय, मी इंजिनियरिंग सोडलं. दुसऱ्या वर्षात. का सोडलं, हे घरात एकानं विचारलं नाही, "लोक काय म्हणतील" हे मात्र रोज विचारतात. अहो, ज्या कॉलेजात यंत्र शिकवतात आणि यंत्र कुठाय विचारलं तर फळ्याकडं बोट दाखवतात, तिथं बसून काय करू? आता मी पुदुक्कोट्टैच्या बसस्टँडाजवळ सुब्बैया अण्णाच्चींच्या गाड्यावर परोटे करतो. मैद्याचा गोळा आपटायचा, हवेत फेकून रुमालासारखा पातळ करायचा, गुंडाळायचा, भाजायचा, आणि गरमागरम दोन्ही तळव्यांत धरून टाळी हाणायची, की पापुद्रे सुटे! मला येतं हो ते! आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी येतंय! आणि घरात सुतक. आमचे पेरियप्पा, म्हणजे अप्पांचे थोरले भाऊ, चोक्कलिंगम मास्तर, ओसरीवर बसून म्हणतात, "आपल्या कुळात पीठ आपटणारा कुणी निपजला नव्हता!" बरोबर आहे. यांनी जन्मभर पोरंच आपटली.

शेवटी ठरलं, डोंगरातल्या ईश्वराला कौल लावायचा. तगरीचं पांढरं फूल म्हणजे होय, तांबडी कण्हेर म्हणजे नको. केळीच्या पानात दोन पुड्या बांधायच्या, पिंडीपुढं टाकायच्या, आणि लहान लेकरानं एक उचलायची. लेकरू कोण, तर माझ्या तामरैअक्काची याळिनी, पाच वर्षांची. मी म्हटलं, चालेल! देव जे म्हणेल ते मान्य. देवाला मी मानतो बरं का. माणसांचं मला काही विचारू नका.

अप्पांनी हात जोडले. "ईश्वरा, पोराला परत कॉलेजात घालू का?" याळिनीनं पुडी उचलली, गुरुक्कळांनी, म्हणजे तिथल्या पुजाऱ्यांनी, सोडली... तांबडी! माझ्या जिवात जीव आला.

"थांबा थांबा," अप्पा म्हणाले, "प्रश्न नीट झाला नाही. कुठल्या वर्षात घालू ते सांगायचं राहिलं." म्हणजे देवाला आमच्या कॉलेजचा अभ्यासक्रम माहीत नाही! बरं, पुन्हा विचारलं, वर्षासकट. पुन्हा तांबडी! आता? आता पेरियप्पा खाकरले. "पोरीनं डाव्या हातानं उचलली. ती धरत नाहीत." कोण धरत नाही? कधीपासून धरत नाही? पण तुम्हीच सांगा, दगडापुढं कोण बोलणार?

तिसऱ्या वेळी अप्पा स्वतः फुलं घेऊन बाहेर झऱ्याकडं गेले, आमच्याकडं पाठ करून पुड्या बांधल्या, आले, विचारलं, याळिनीनं उजव्या हातानं उचलली... पांढरी! "बोलला! देव बोलला!" अम्मा रडायला लागली, पेरियप्पांनी आपले गाल थोपटून घेतले, दर्शनाच्या रांगेतल्या बायकांनीही कारण न विचारता थोपटून घेतले. मी वाकलो आणि पिंडीपुढं उरलेली पुडी सोडली.

तगर.

"अप्पा, दोन्हींत पांढरी?" एवढंच म्हणालो हो मी! गुहा म्हणाली, पांढरी... पांढरी... पांढरी... अख्खी रांग वळली. गुरुक्कळ पटकन समईकडं वळून म्हणाले, "मी वात सारत होतो. मी काही बघितलं नाही." आणि अप्पा? खाली मान घालावी की नाही माणसानं? म्हणतात, "देवाच्या मनात तेच होतं. मी त्याचं काम सोपं केलं."

पुढं प्रदक्षिणा. आता इतर देवळांत माणूस देवामागून चार पावलं फिरतो आणि मोकळा होतो. आमच्या देवाच्या मागं डोंगर! फिरायचं तर अख्ख्या डोंगराला फिरायचं, अनवाणी, चैत्रातल्या भर दुपारी. खडक असा तापलेला, की मला वाटलं, गाड्यावरच उभा आहे, फक्त या खेपेला तव्यावर मी!

डोंगराच्या मागच्या अंगाला आणखी एक गुहा आहे. अर्धवट. दोन खांब कमरेपर्यंत सुटलेले, आत भिंतीवर नुसते छिन्नीचे घाव, देवबिव काही नाही. दरवर्षी पेरियप्पा काठीनं ती दाखवतात, यंदा वर म्हणाले, "बघ, तुझ्यासारखाच होता कुणीतरी, मध्येच सोडून पळालेला." आणि दरवर्षी तिच्याच सावलीत पाय पसरतात! कारण सगळ्या वाटेवर सावली तेवढीच. तिथं डबे उघडले, तर दहीभात आंबलेला. उरले काय, माझे परोटे! पेरियप्पांनी पाच खाल्ले. कुणी केले, हे विचारलं नाही. बोटं चाटली.

मग माझं डोकं फिरलं. अक्काच्या वेणीतलं एक पांढरं फूल घेतलं, टोपलीतली एक तांबडी कण्हेर घेतली, सगळ्यांच्या नाकासमोर पुड्या बांधल्या, हलवल्या, टाकल्या. "ईश्वरा, गाड्यावर राहू का?" याळिनीला म्हटलं, "उजवा हात, राजा." तिनं उचलली. पांढरं!

"मामा जिंकला!" ती ओरडली.

अप्पा शांतपणे म्हणाले, "इथं देव नाही. हा कौल धरत नाहीत."

म्हणजे बघा! जिथं देव आहे तिथं लबाडी करायची, आणि जिथं सचोटीनं विचारलं तिथं देवच नाही!

तेवढ्यात माझा फोन वाजला. सुब्बैया अण्णाच्ची. पेरियप्पांनी वाटेतच त्यांना कळवलं होतं. "तंबी, तुला पांढरं मिळालं म्हणे. आता देवाच्या शब्दाविरुद्ध तुला उभा केला, तर माझा तवा तापेल का? उद्यापासून येऊ नकोस."

"अण्णाच्ची, दोन्ही पुड्यांत पांढरीच होती!"

"अरे मग तर दुप्पट कौल!"

झालं. संपलं. मंडळी उठली, चालायला लागली. अप्पा दिसेनात म्हणून मी मागं फिरलो, तर हे त्या अर्धवट गुहेत, कोऱ्या भिंतीसमोर, हात जोडून, डोळे मिटून उभे. तळपाय पोळून लाल झालेले.

मी म्हटलं, "अप्पा, इथं देव नाही ना?"

डोळे न उघडता म्हणाले, "म्हणून तर इथं उभा आहे. तिकडं आता कुठल्या तोंडानं जाऊ?"

तुम्हाला सांगतो, घडाभर शिव्या तयार ठेवल्या होत्या मी... एकही सापडेना. म्हटलं, आता बोलतील, पोरा चुकलं माझं, जा, भाज तुझे परोटे... एवढं एकच वाक्य हवं होतं हो! अप्पांनी डोळे उघडले, उपरण्यानं नाक पुसलं, माझ्या खांद्याला धरलं आणि म्हणाले, "सोमवारी कॉलेजची पहिली बस सहाला असते. झोपून राहू नकोस."

तुम्हीच सांगा, दगडापुढं कोण बोलणार? मी म्हटलं, "बरं." आणि त्यांना चालवत नव्हतं, म्हणून पाठीवर घेतलं. राहिलेला अर्धा डोंगर तसाच फिरलो, आणि वरून कानात चालूच, "सावकाश चाल, धक्के बसतात... डावीकडून घे, तिकडं काटे आहेत..." पण एवढी एक गोष्ट मात्र मी अर्धवट सोडली नाही. सोडतो कशी? वर बसलेले उतरतच नव्हते!