आज चूलबंद

मुलांनो, टेमघरातली पिठाची गिरणी डोळ्यांपुढे आणा. रांगेत माझ्यापुढे तांदळाचा डबा घेतलेल्या धोंडूबाई होत्या. त्यांच्यापुढे गहू घेऊन उभी होती निवेदिता, सुट्टीत पुण्याहून आत्याकडे आलेली.

"काय गो, सकाली तुमच्या दारात सांगून गेले ना, आज चूलबंद हाय?"

"हो आजी. आत्या ड्युटीवर होती, दार मीच उघडलं."

"मंग गहू कशाला दलतेस? माझ्या नातवाच्या हलदीला जेवनार न्हाय काय?"

"पण तुमची चूल बंद आहे ना? म्हणून तर मी तुमच्यासाठी पोळ्या करणार होते."

"आमची? आमच्याकडं तीन चुली पेटल्यात! किती पोल्या करनार होतीस?"

"पंधरा. गोल नाही येत मला."

"पंधरा! अगो, पाचशे मानूस हाय. तांदलाच्या भाकरी नि मटन."

"मग बंद कोणाची?"

"तुमची! चूलबंद म्हंजे घरातल्या सगल्यांना आवतान. तुमी चूल पेटवायची न्हाय, आमच्याकडं जेवायचं."

"आणि पेटवली तर?"

"तर आमचं आवतान मोडलं. मी तुज्या आत्याशी बोलनार न्हाय."

"आजी, मी आत्याला काहीच सांगितलं नाही!"

"काय?"

"ती आत्ता घरी येईल. आल्या आल्या कुकर लावते ती!"

"मंग हितं काय उभी ऱ्हायलीस?"

निवेदिताने गव्हाचा डबा धोंडूबाईंच्या हातात दिला आणि ती धावत सुटली. गल्लीच्या तोंडापासूनच तिने हाका मारायला सुरुवात केली, "आत्या, गॅस पेटवू नकोस!"