मधोमध उगवलेली कडी

(प्रागच्या विद्यापीठातली एक खोली, जेवणाची सुट्टी. ब्लांका आणि वितेक नवरा-बायको. अतिथंड होऊन जराही न घासता वाहणारं, म्हणजे अतिप्रवाही, हेलियम अरुंद नळीतून वाहताना त्यात धाग्यांसारखे बारीक भोवरे उठतात. त्यांचा गुंता दोघं मिळून संगणकावर घडवतात. नवरा-बायकोनं एका खोलीत काम करू नये म्हणतात, पण यांना दुसरी खोली कुणी दिलीच नाही.)

ब्लांका : जेवण राहू दे. कडी मधोमध कशी आली, एवढंच सांग.

वितेक : दोन धागे भिडून तुटले की कड्या सुटतातच.

ब्लांका : मला शिकवू नकोस. भिडायला दोन धागे हवेत ना? तिथं एकच उरला होता, तोही नळीच्या भिंतीनं गिळला. नळी रिकामी होती, वितेक. आणि लगेच मधोमध एक गोल कडी. भोवरा असा शून्यातून उगवत नाही.

वितेक : आकडेमोडीत चुका होतात कधीकधी.

ब्लांका : गुंता मरायला टेकला की नेमकी तेव्हाच? दर वेळी?

वितेक : सूप निवतंय तुझं.

ब्लांका : सूप गेलं चुलीत. त्या कड्या तूच सोडतोस ना?

वितेक : हो.

ब्लांका : कधीपासून?

वितेक : मार्चपासून.

ब्लांका : म्हणजे अनेझ्का गेली तेव्हापासून.

वितेक : लेक गेली आणि तू अंथरूण धरलंस. तुझी आई यायची, नुसती भांडी घासत बसायची. तिच्याशीही तू बोलत नव्हतीस. एका सकाळी मला म्हणालीस, 'गुंता जगला का रे?' तेवढंच. इथं येऊन बघतो तर संपलेला. इतक्या संथ प्रवाहात जगणार तरी कसा? घरी जाऊन काय सांगणार होतो मी?

ब्लांका : मेला, असं सांगायचंस.

वितेक : त्या घरात? जीभच रेटली नाही. म्हटलं, एक कडी सोडू, उद्या काढून टाकू. तर दुसऱ्या दिवशी तू केस विंचरून माझ्याबरोबर ट्रामला आलीस. मग कसं काढणार, तूच सांग.

ब्लांका : आणि मी गावभर सांगत सुटले, संथ प्रवाहातही तो मरत नाही म्हणून. खाली प्रयोगशाळेत यिंद्रा खरी नळी जोडून बसलाय माझ्या भरवशावर. उद्या हेलियम भरणार आहे.

वितेक : त्याला मी सांगतो. केलं मी, निस्तरेनही मीच.

ब्लांका : चिडलेय मी तुझ्यावर. फार चिडलेय. पण आधी रडूच येतंय. रोज सकाळी तू एकटा त्याला मरताना बघत होतास?

वितेक : तुझ्याआधी यायचो ना, म्हणून.

ब्लांका : प्रोग्रॅममधली ती कड्या सोडणारी ओळ काढ.

वितेक : काढली की तासाभरात नळी रिकामी होईल.

ब्लांका : माहीत आहे मला.

वितेक : मग तू घरी जा. झालं की सांगतो.

ब्लांका : नको. दवाखान्यातही तुम्ही सगळ्यांनी मला घरी झोपायला पाठवलंत, आणि मी आले तोवर तिचा पलंग आवरलेला होता. या वेळी मी इथंच बसणार.

वितेक : बरं. खुर्ची इकडे घे. तिथून पडद्यावरची नळीची भिंत दिसत नाही.