मुख्य कंट्रोलर नीट ठेवलाय

नाही, पण मला सांगा, तीन-तीन कंट्रोलर असलेल्या घरात माणसानं अंधारात का बसावं? गेला बघा, आत्ता परत गेला बाबांचा दिवा, भर वाचनात! आणि हा आतून त्यांचा आवाज... "अहो क्रांतिवीर, पाडा उजेड!" क्रांतिवीर म्हणजे मी.

तुम्हाला सांगतो, हेतू शुद्ध होता हो! बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांचा हात हातात घेऊन मी शब्द दिला, "आता दिव्यापंख्यासाठी तुम्ही खुर्चीतून उठायचं नाही." आणि घरभर वायरलेस दिवे-पंखे करून घेतले. दुकानदार म्हणाला, "एक कंट्रोलर पुरे." एक? म्हणजे एकानं दाबायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं? अहो, ही हुकूमशाही झाली! सत्ता वाटली की घर सुधारतं, असं मी त्याला पंधरा मिनिटं समजावलं... त्यानं मुकाट्यानं तीन काढून दिले. विकणाऱ्याचं काय जातंय!

पण या यंत्रांच्या पोटात लोकशाही नाही. तिघांतला एकच मुख्य. नवा दिवा आला की आधी त्याची ओळख मुख्याशी करून द्यायची, मग मुख्यानं ती बाकीच्यांना शिकवायची. मुख्य मी आईला दिला. जन्मभर तिनं सगळ्यांचं ऐकलं, आता सगळ्यांनी तिचं ऐकावं! दुसरा ताईला, तिसरा बाबांना. मला? छे, मला सत्तेची हाव नाही.

मग बाबांच्या खुर्चीमागे वाचायचा दिवा आणला. मुख्याला शिकवला, ताईच्या कंट्रोलरला शिकवला, आणि बाबांची पाळी आली तर बाबा घोरतायत, कंट्रोलर पोटाखाली! म्हटलं, उद्या करू.

दुसऱ्या दिवशी आईला विचारलं, मुख्य कुठंय? "नीट ठेवलाय." अगं, पण कुठे? "एवढी महत्त्वाची वस्तू कुणी उघड्यावर टाकतं का? ठेवलाय म्हटलं ना नीट!" माझं दहावीचं प्रमाणपत्रही तिनं असंच नीट ठेवलंय. मला दुसरं काढून आणावं लागलं.

त्यात ताई शिस्तीची. ऑफिसला निघाली की दारातून 'सगळं बंद' दाबणार, कंट्रोलर पर्समध्ये टाकणार, पसार! दुपारी जेवून जाताना परत, संध्याकाळी फिरायला जाताना परत. आमच्या हॉलला खिडकी नावापुरती. बाबा आपला कंट्रोलर दाबतात... पंखा लागतो, जिन्यातला दिवा लागतो, पण हा दिवा ढिम्म! ओळखच नाही ना! मग भिंत धरत, मला शिव्या घालत, दारापाशी असलेल्या बटणापर्यंत. सत्ता वाटली की घर सुधारतं म्हणे!

काल बाबांना तपासणीला नेलं. डॉक्टरांनी गुडघा वाकवला, सरळ केला, परत वाकवला. "वा आजोबा! सहा आठवड्यांत इतका मोकळा? लोक खुर्ची सोडत नाहीत हो. तुम्ही काय करता?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "घर आपोआप चालावं म्हणून यानं यंत्रं आणली, तेव्हापासून मीच चालतोय."

आनंद मानू की लाज वाटून घेऊ? घरी आल्यावर म्हटलं, "बाबा, आज सगळी कपाटं उपसतो, मुख्य शोधतोच."

"राहू दे रे," बाबा म्हणाले. "पुढच्या महिन्यात दुसरा गुडघा आहे. आणखी दोन कंट्रोलर आणून ठेव."