शेवटचे तीन बिट

...नाही नाही, हसा तुम्ही, हसायला काय जातंय तुमचं! पण मला एक सांगा, चौसष्ट बिटांतले शेवटचे तीन बिट कोण बघतं हो? तुम्ही बघता? तुमच्या घरात कुणी बघतं? मग मीच काय पाप केलं होतं?

थांबा, बिट म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही मान डोलवत बसाल आणि घरी जाऊन विचाराल, "तो माणूस नक्की कशासाठी रडत होता?" तर आमची कंपनी कारखान्यांतली यंत्रं चालवायची एक छोटीशी भाषा विकते. "नळ उघड, इतकं ओत, नळ बंद कर", असली भाषा. ती ओळीओळीने वाचून यंत्राला समजावणारा जो दुभाषा असतो ना, इंटरप्रिटर, तो मी लिहिला. एकट्याने! आता या दुभाष्याच्या पोटात प्रत्येक गोष्टीला चौसष्ट खण. खणाखणात शून्य नाहीतर एक. तेच बिट. अपूर्णांक, म्हणजे एक दशांश, पाव, असले आकडे, हे महाराज चौसष्टच्या चौसष्ट खण व्यापून ऐसपैस बसतात. मग हा आकडा आहे, की अक्षरं आहेत, की यादी आहे, ही चिठ्ठी चिकटवायची कुठे? माझ्या कपाळावर?

म्हणून मी पहिल्यापासून काय करायचो, प्रत्येक अपूर्णांकाला वेगळा डबा द्यायचो आणि खणात फक्त डब्याचा पत्ता ठेवायचो. अकरा वर्षं चाललं बिनबोभाट. पण बेरीज केली की नवा डबा, गुणाकार केला की नवा डबा... डबेच डबे! दुभाषा हळू चालायचा, आणि आमचे साहेब म्हणजे... "वेग! मला वेग पाहिजे! गिऱ्हाईक थांबत नाही!" स्वतः मात्र जिना चढताना दोनदा थांबतात.

तेव्हा आमच्याकडे एक बाई नव्याने आल्या होत्या. आम्ही त्यांना पाठीमागे शंकाबाई म्हणायचो, कारण त्या प्रत्येक गोष्टीवर बोट ठेवून विचारायच्या, "हे असं का?" त्या म्हणाल्या, "सर, अपूर्णांकांच्या खणांत 'ही संख्याच नाही' असं सांगणाऱ्या शून्य-एकच्या लाखो-करोडो मांडण्या नुसत्या रिकाम्या पडल्यात. अक्षरं, याद्या, बाकी सगळं तिथे लपवू या. अपूर्णांकाला हातच लावायला नको." आता हे बरोबर होतं. मला तेव्हाच कळलं होतं, तुम्हाला म्हणून सांगतो! पण मी त्या दुभाष्याचा बाप, आणि या बाईला येऊन तीन महिने झालेले... मी म्हटलं, "एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? अपूर्णांकाचे शेवटचे तीन बिट कापू, तिथे चिठ्ठी लावू, झालं काम." त्या म्हणाल्या, "पण सर, आकडा बदलेल." मी काय म्हणालो माहितीये? अगदी खुर्चीत मागे रेलून, "अहो बाई, दशांशचिन्हानंतर चौदा-पंधरा घरं सोडून फरक पडणार. शेवटचे तीन बिट कोण बघतं!"

कापले. दुभाषा तिप्पट वेगाने पळायला लागला. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून दुखते.

आता माझे मेहुणे. बायकोचे थोरले भाऊ, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणतो. कापड रंगवण्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं रंगखात्याचे मुख्य. कमी बोलणारा माणूस. नखं कायम निळी, नाहीतर लाल, नाहीतर दोन्ही. त्या कारखान्यात अकरा वर्षं आमचीच भाषा चालते, मीच गळ्यात मारलेली. आणि दादांना चार ओळी लिहून दिलेल्या, त्याही मीच: अर्धा लिटर भरेपर्यंत दर खेपेला एक दशांश लिटर रंग सोड. पाच खेपा, नळ बंद. सोपं की नाही?

नव्या दुभाष्याच्या पहिल्याच आठवड्यात इस्पितळासाठी चारशे चादरी रंगवायच्या होत्या. फिकट आकाशी. दादांनी यंत्र सुरू केलं, पडद्यावर अर्धा लिटर दिसलं, आणि नेहमीसारखे ते पाठ फिरवून दुसऱ्या हौदाकडे गेले. परत येऊन बघतात तर नळ चालूच! धावत जाऊन हाताने बंद केला, तोवर सगळं पिंप हौदात. चारशे चादरी काळ्याकुट्ट! कारखान्याच्या मालकीणबाई कडाडल्या, "आजारी माणसाला यावर झोपवायचं? तो दचकून उठायचा नाही का?" दादा म्हणाले, "पडद्यावर अर्धा आलं होतं हो." "अर्धा आलं होतं तर अर्ध्यावर थांबलं असतं! यंत्र खोटं बोलतं, की तुमचं वय झालं?"

दुसऱ्या दिवसापासून त्यांना घडीखात्यात बसवलं. बत्तीस वर्षं रंग ओळखणारा माणूस टेबलाशी बसून चादरींच्या घड्या घालतोय. आणि घरी चकार शब्द नाही!

कळलं कसं, तर आमची ही एका रविवारी भावाकडे जाऊन आली आणि पिशवी खाली न ठेवताच म्हणाली, "अहो, दादाची नखं पांढरी झालीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यातल्या यंत्राची नोंद मागवून घेतली आणि मुकाट्याने शंकाबाईंच्या टेबलाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी ती नोंद नुसती बघितली आणि म्हणाल्या, "सर, एक दशांश आपल्या खणांत कधीच पुरता बसत नाही. एकाचे तीन भाग करून लिहायला गेलं की तीन-तीन-तीन संपतच नाहीत ना, तसं. कुठेतरी तोडावंच लागतं. तुम्ही आणखी थोडं तोडलंत. पाचदा मिळवलं तरी अर्ध्याला केसभर कमीच. पडदा जवळचा आकडा दाखवतो, म्हणून अर्धा दिसलं. आणि तुमची ओळ म्हणते, बरोबर अर्धा झालं तरच थांब. ते व्हायचंच नाही. थांबणार कसं?" बास. "मी सांगितलं होतं" असं म्हणाल्या नाहीत! म्हणाल्या असत्या तर भांडलो असतो, जरा बरं वाटलं असतं. शेवटचे तीन बिट कोण बघतं? नळ बघतो हो, नळ!

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपण स्वतःहून बोलायचं कशाला? वयस्कर माणूस आहे, होते चूक." मी तुम्हाला खोटं नाही सांगत, तीन दिवस मीही तेच स्वतःला सांगून बघितलं. जेवायला बसलो की बायको विचारायची, "घशात काय अडकलंय?" काय सांगू? तीन बिट!

चौथ्या दिवशी गेलो. मालकीणबाईंसमोर उभा राहिलो, दादांनाही बोलावून घेतलं आणि सांगून टाकलं, चूक यंत्राची नाही, दादांची नाही, माझी. मालकीणबाई दादांना म्हणाल्या, "मी नको ते बोलले. उद्यापासून तुमच्या जागेवर या." आमच्या कंपनीकडून पुन्हा काही घेणार नाही, असंही म्हणाल्या. साहेब माझ्याशी आता फक्त चिठ्ठ्या पाठवून बोलतात.

बाहेर आलो. दादाही मागोमाग आले. मी म्हटलं, "दादा, शिव्या द्या." ते म्हणाले, "शिव्या राहू द्या भाऊजी. एकच सांगा. आधीची अकरा वर्षं ते बरोबर अर्ध्यावर थांबायचं, ते तुमच्या हुशारीने का?"

आता खोटं बोलायची सोय उरली नव्हती. मी सांगितलं, "नाही दादा. तेव्हाही एक दशांश पुरता बसत नव्हताच. पाच खेपांत वर-खाली होऊन नेमका अर्धा पडायचा. एक लिटरसाठी दहा खेपा लिहून दिल्या असत्या, तर तेव्हाही थांबलं नसतं. योगायोग होता."

"अकरा वर्षं?"

"अकरा वर्षं."

दादा खाली बसले. पायरीवरच. म्हणाले, "आणि मी त्याच्याकडे पाठ करून उभा राहायचो..."

मग मी सगळं निस्तरलं. शंकाबाईंची युक्ती घातली, अपूर्णांकांना त्यांचे तीन बिट परत दिले, ती ओळही सुधारली: अर्ध्याच्या जवळ आलं की थांब. वेगही राहिला. पण दादा ऐकेनात! म्हणाले, "एक बटण लावून द्या. दर खेपेला यंत्राने मला विचारायचं, मी हो म्हटल्याशिवाय थेंब सोडायचा नाही." दिलं लावून. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? आता दर एक दशांश लिटरला यंत्र थांबतं, दादा वाकून हौदात बघतात, चष्मा पुसतात, पुन्हा बघतात, मग बटण दाबतात.

आणि माझा दुभाषा? तो त्यांची वाट बघतो. पण तुम्हाला सांगतो, पूर्वीपेक्षा तिप्पट वेगाने वाट बघतो!