सकाळचं दुखणं

एमआरआयच्या खोलीबाहेर गुडघा चोळत बसलेल्या आजींच्या कानावर शेजारच्या बापलेकीचं बोलणं पडत होतं. लेक धावपटू, बापच तिचा प्रशिक्षक.

"मागच्या एमआरआयत तर काही नव्हतं."

"तो नुसता फोटो होता, बाबा. या वेळी मोजमाप केलंय. टाचेमागची शीर आतून झिजलीय, आकडेच सांगतात."

"आणि शर्यत?"

"आता विसरा म्हणाले डॉक्टर."

"मी नेलं होतं ना गं डॉक्टरांकडे?"

"संध्याकाळी न्यायचात. पळून टाच मोकळी झालेली असायची. ते दाबायचे, मला दुखायचंच नाही."

"म्हणून मी तुला नाटकी म्हणायचो."

"सकाळी टाच टेकवत नव्हती. सकाळी का नाही नेलंत?"



"सकाळी सराव असायचा, बाळा."